अनुवतच्या नावाचं ताट

फया वानच्या, म्हणजे एप्रिलात येणाऱ्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही, काढला तर वर्षभर तोंड नासतं. हा नियम सेंगलाने साठ वर्षं पाळला होता. त्यामुळे झालं काय, की ज्या दिवशी शिव्या द्यायला तिच्यापाशी सगळ्यात जास्त कारणं होती नेमक्या त्याच दिवशी ती ओठ मिटून डुकराच्या मांसाचे तुकडे करत बसली होती. सुरी मात्र नियम पाळत नव्हती. ती पाटावर अशी आपटत होती की शेजारची कोंबडी कुंपणापलीकडे जाऊन उभी राहिली.

"आई, पाट कापाल अशाने," सून म्हणाली. सुनेचं नाव फिकुन. ती चुलीशी चिकट भाताचा टोपला उतरवत होती.

"वकिलाचं डोकं समजून कापतेय. ही काही शिवी नाही."

"कुठल्या वकिलाचं? आपल्या की त्यांच्या?"

"त्यांच्या. आपलीच्या डोक्याला काय हात लावायचा, बिचारीचं आधीच फिरायची वेळ आलीय."

फिकुन हसली नाही. पूर्वी हसली असती. फेब्रुवारीत कोर्टातून आल्यापासून दोघी कामापुरतं बोलत होत्या, आणि काम करून करून तरी किती निघणार दोन बायकांच्या घरात.

सेंगलाचा मुलगा अनुवत आठ वर्षांपूर्वी नाहीसा झाला. नाहीसा झाला हा शब्द पोलिसांचा. सेंगलाला तो कधीच आवडला नाही. नाहीसं व्हायला तो काही दव होता का? चांगला पस्तिशीचा बाप्या, पोट सुटायला लागलेला. तालुका कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तो लिहून द्यायचा. म्हातारीचं पेन्शन अडलं, अर्ज. शाळेच्या संडासाला दार नाही, अर्ज. सेंगला चिडवायची, "अरे, तुझ्या बायकोने भाजी खारट केली तर त्याचाही अर्ज करशील." तो म्हणायचा, "अर्ज केल्याशिवाय सरकारला कळणार कसं, आई? सरकार काय वाईट नसतं. त्याला कळलेलं नसतं एवढंच." हे तो खरोखर मानायचा. असा मुलगा पोटी यावा आणि अशा मुलखात यावा, याचा राग सेंगलाला अजून धड कुणावर काढता आलेला नव्हता.

मग गावामागच्या डोंगरावर खडीची खाण आली. सुरुंगांनी घरांच्या भिंती तडकल्या, विहिरीच्या पाण्यावर पांढरी साय धरू लागली. अनुवतने अर्ज लिहिला आणि गावातल्या दोनशे बारा माणसांच्या सह्या घेतल्या. एका संध्याकाळी तो घरातून मोटारसायकलवर निघाला, तो परत आलाच नाही. मोटारसायकल दुसऱ्या दिवशी कालव्याच्या काठी सापडली, स्टँडवर नीट लावलेली, किल्ली लटकलेली. महिन्याभरात सह्या केलेल्यांपैकी दीडशे जणांनी कचेरीत जाऊन सांगितलं की आमची सही आमची नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? सेंगलाने त्यांना दोष दिला नाही. म्हणजे दिला, पण मनात.

नवं वर्ष आलं की मात्र तिच्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहायचा. फया वानची सकाळ मेलेल्यांची. घरोघरी ताटं भरतात, ज्याच्या त्याच्या आवडीचं वाढून विहारात नेतात, भंतेंपुढे त्याचं नाव घेतात, की ते जेवण त्याला पोचतं. दुसरा दिवस जिवंतांचा. घरातल्या प्रत्येकाचा एकेक शर्ट टोपलीत घालून विहारात न्यायचा, भंते त्यावर आयुष्य वाढायचं पठण करतात. जो स्वतः येऊ शकत नाही, बँकॉकला आहे, इस्पितळात आहे, त्याचा शर्ट त्याच्या जागी बसतो. सेंगलाने आठ वर्षं अनुवतच्या नावाचं ताट केलं नव्हतं. आठही वर्षं त्याचा निळा शर्ट धुऊन, इस्त्री करून, कॉलरला नावाची चिठ्ठी टाचून टोपलीत नेला होता. कुणी काही बोललं नाही. आईला काय बोलणार?

बोलले ते कोर्टात.

राजधानीत कधीतरी नवा कायदा झाला, माणसं नाहीशी करणाऱ्यांविरुद्धचा. शहरातली एक तरुण वकीलबाई आपण होऊन घरी आली, तिने फिकुनला समजावलं, आणि खाणीच्या मॅनेजरवर खटला उभा राहिला. सात वर्षांनी का होईना, उभा राहिला. त्या दिवशी सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. सेंगलाला वाटलं होतं, पोर म्हणायचा ते खरंच असेल. कळलं नव्हतं त्यांना. आता कळलंय.

फेब्रुवारीतल्या तारखेला मॅनेजरच्या वकिलाने एक फोटो काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. विहाराच्याच फेसबुक पानावरचा, मागच्या नव्या वर्षाचा. सेंगला टोपली घेऊन पायऱ्या चढतेय, टोपलीत वर निळा शर्ट, कॉलरवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. वकील फार अदबीने बोलला. म्हणाला, "महाशय, घरचे लोक दरसाल या गृहस्थाचं आयुष्य वाढवून घेतात. आणि माझ्या अशिलावर मात्र त्याला संपवल्याचा आळ. दोन्ही कसं खरं असेल?" कोर्टात कुणीतरी हसलं.

न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून विचारलं, "आजी, तुमचा मुलगा हयात आहे असं तुम्हाला वाटतं का?"

कोर्टात खोटं बोलायचं नसतं. सेंगला म्हणाली, "वाटतं."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली, नवं वर्ष उलटल्यावर सातव्या दिवसाची, आणि सांगितलं की कुटुंबाने आपलं म्हणणं एक करून यावं, कुणी साक्षीदार असेल तर आणावा, नाहीतर हे प्रकरण बंद करावं लागेल. परतीच्या बसमध्ये दीड तास फिकुन खिडकीबाहेर बघत होती. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला काय तो मेलेला हवाय का, आई? मला फक्त त्यांना कुणीतरी विचारलेलं हवंय. खुर्चीत बसून, सगळ्यांसमोर. कुठे नेलात त्याला, एवढंच."

दोन महिने सेंगला त्या वाक्यावर झोपली आणि त्याच वाक्यावर उठली. ताट केलं तर पोराला आपणच मारला, असं तिला वाटे. आणि नाही केलं तर? मग परवा, घराची साफसफाई करताना, कपाटातून तो शर्ट काढताना तिच्या मनात एक गोष्ट आली आणि ती तशीच खाली बसली. अनुवत जिवंत आहे असं म्हणणारे या जगात आता दोनच पक्ष उरले होते. एक त्याची आई. दुसरे, ज्यांनी त्याला नेलं ते.

तिने शर्ट परत ठेवला आणि बाजारात मांस सांगून आली.

आता ते मांस चिंच आणि भरपूर आलं घालून मंद चुलीवर शिजत होतं. सेंगलाने हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर भाजून कुटल्या. गूळखोबरं भरलेले केळीच्या पानातले पुडे वाफवले. हात चुकत होते. एका माणसाचं किती करायचं याचा अंदाजच राहिला नव्हता; दोनदा जास्त झालं, तिने दोनदा काढून ठेवलं.

"कोथिंबीर घालू?" फिकुनने विचारलं.

"वेडी आहेस का? सगळी निवडून ताटाच्या कडेला लावून ठेवेल."

मग फिकुनने तोंडाला पदर लावावा तसं गळ्यातलं फडकं लावलं आणि मागच्या अंगणात निघून गेली. सेंगला तिच्यामागे गेली नाही. रस्सा लागला असता.

सकाळी विहारात उजाडतानाच गर्दी होती. पायऱ्यांवर चपलांचा खच, आत ताटांच्या रांगा, उदबत्त्यांचा धूर. सेंगलाच्या टोपल्यात तीन ताटं होती. एक नवऱ्याचं, एक सासूसासऱ्यांचं मिळून, आणि तिसरं. तिसऱ्यावर नावाची चिठ्ठी होती आणि ती लोकांना वाचता येत होती. बायका बोलता बोलता थांबल्या. आठ वर्षं जे नाव गावात कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं ते असं भाताजवळ ठेवून मिरवत आणलेलं बघून त्यांना कुठे बघावं ते कळेना. एका म्हातारीने तिच्या कोपराला हात लावला आणि लगेच काढला. सेंगलाला वाटलं, आता हात लावतेस होय. सही काढून घेताना याच हाताने अंगठा दिला होतास. पण तिने नुसती मान डोलावली. नव्या वर्षाच्या सकाळी भांडण नको.

मोठे भंते चौऱ्याऐंशीचे. कानाने कमी, पण नावं पाठ. गावातल्या चार पिढ्यांचे मेलेले त्यांच्या जिभेवर असत. सेंगला फिकुनला घेऊन त्यांच्यापुढे बसली. नवऱ्याचं नाव घेतलं, सासूसासऱ्यांचं घेतलं. मग तिने तिसरं ताट पुढे सरकवलं. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला.

"हे अनुवतला, भंते. माझ्या मुलाला."

भंतेंनी ताटाकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या बाजूच्या ताटांकडे. "अनुवतचं तर आलं," ते म्हणाले.

"नाही भंते, आत्ता देतेय. पहिल्यांदाच."

"पहिल्यांदा कसं? दरसाल येतं की. सगळ्यांच्या आधी येतं, अजून दिवे लावायचे असतात तेव्हा." कानाने कमी ऐकणारी माणसं बोलतात तसं ते मोठ्याने बोलत होते. "ते बघ तिकडे."

सेंगला मान वळवून आधी सुनेकडे बघू लागली. त्या नजरेत काय होतं ते फिकुनला कळलं. माझ्या पाठीमागे, मी शर्टाला इस्त्री करत असताना, तू त्याला मेलेल्यांत बसवलंस? फिकुनने जोरजोरात मान हलवली. "मी नाही, आई. शप्पथ. मी नाही."

"कोण आणतं, भंते?"

"इंतोन आणतो ना," भंते सहज म्हणाले. "मला वाटलं, तूच त्याच्या हाती पाठवतेस."

इंतोन तीन घरं सोडून राहायचा. पन्नाशी उलटलेला, सडाफटिंग, टोपल्या विणून पोट भरणारा. पावसाळ्याआधी सेंगलाचं छप्पर न सांगता शाकारून द्यायचा. जिवंतांच्या दिवशी वाटेत भेटला की तिच्या हातातली शर्टांची टोपली घेऊन विहाराच्या पायरीपर्यंत पोचवायचा. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं ती चारचौघांत सांगायची. आणि आठ वर्षांपूर्वी, टोपल्या विणायला लागायच्या आधी, तो खाणीच्या फाटकावर दांडा वरखाली करायच्या नोकरीला होता. हे तिला माहीत होतं. गावातले वीस जण तरी खाणीवर होते, त्यात काय? पण अनुवत कुठे आहे हे कुणालाच माहीत नसताना, पहिल्याच नव्या वर्षापासून, त्याला मेलेल्यांतलं जेवण कोण वाढेल? ज्याने त्याला मेलेला पाहिला तोच.

भंतेंनी पठण केलं. सेंगलाला एक शब्द ऐकू आला नाही. आठ वर्षं तिने एक दोर धरून ठेवला होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. हे तिला अर्ध्या मिनिटात कळलं, तेही एका म्हाताऱ्याच्या भाबडेपणातून. तिने पुढे वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ कपाळ फरशीवरून उचललं नाही.

घरी आल्यावर फिकुन म्हणाली, "मी जाते त्याच्याकडे. आत्ता. केस धरून आणते."

"जायला नको. येईल तो."

फिकुनला कळलं. फया वानच्या दिवशी, विहारातून आल्यावर, धाकट्यांनी थोरांकडे शिकेकाईचं पाणी घेऊन जायचं, काया-वाचा-मनाने काही चुकलं असेल तर क्षमा मागायची, थोरांनी त्या पाण्यात हात बुडवून आशीर्वाद द्यायचा. इंतोन दरवर्षी यायचा. एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

तो नऊच्या सुमारास आला. पांढरा सदरा, तेल लावून विंचरलेले केस, हातात चांदीच्या मुलाम्याची वाटी, पाण्यात शिकेकाईच्या शेंगा आणि फुलाच्या पाकळ्या. ओट्यावर चढून तो गुडघ्यांवर बसला. "सेंगलाताई, नवं वर्ष लागलं," म्हणून त्याने वाटी पुढे धरली आणि नेहमीचे शब्द सुरू केले.

सेंगलाने हात मांडीवरच ठेवले. "आज पहिलं ताट तुझं होतं म्हणे," ती म्हणाली.

इंतोनचे शब्द थांबले. वाटीतलं पाणी हललं आणि थोडं ओट्यावर सांडलं. त्याने कांगावा केला नाही, कोण म्हणालं असंही विचारलं नाही. वाटी खाली ठेवून तो तसाच मान घालून बसला. दारात फिकुन उभी होती.

"बोल," सेंगला म्हणाली.

"मॅनेजरने त्याला बोलणं करायला बोलावलं होतं," इंतोन म्हणाला. "तो आला तेव्हा फाटकावर मीच होतो. मीच दांडा वर केला, ताई. तो म्हणाला, काका, आज मिटतंय बहुतेक. खूश होता. आत गेला. त्याला बाहेर सोडायला मला दांडा उचलावाच लागला नाही. उजाडल्यावर मॅनेजरने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला, कालव्यावर लावून ये. तेव्हा जुन्या खड्ड्याकडे ताडपत्री ओढत नेताना पाहिलं मी. पाय बाहेर होता. एकाच पायात चप्पल होती."

"मग?"

"मग गाडी लावून आलो. स्टँडवर लावली. पडेल म्हणून."

फिकुनच्या तोंडून आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, कुणी पोटात लाथ घातल्यावर निघतो तसा.

"खड्डा?" सेंगलाने विचारलं.

"पाणी भरलंय आता त्यात. तळ लागत नाही. वरून दगडही ढकललेत."

सेंगला त्याच्या तेल लावलेल्या केसांकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, हे ऐकताना आपण किंचाळू. पण तिच्या आत सगळं इतकं शांत झालं की तिलाच भीती वाटली. "आठ वर्षं येऊन माफी नेलीस तू माझ्याकडून," ती म्हणाली. "डोक्यावर हात ठेवून घेतलास. मी म्हणाले, सुखी राहा."

"तुम्ही दिलीत म्हणून राहिलो, ताई."

"कशाची देतेय ते मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर दिली असतीत का?" तो म्हणाला. यात उद्धटपणा नव्हता. त्याने खरोखरच विचारलं.

वाडीत कुठेतरी नव्या वर्षाची गाणी लाउडस्पीकरवर लागली होती, पोरं एकमेकांवर पाणी उडवत ओरडत होती. सेंगलाने विचारलं, "काय वाढतोस त्याला?"

"अं?"

"ताटात. काय घालतोस?"

"जमेल ते. चिकट भात. भाजलेला मासा. कधी खिम्याचा लाप करतो."

"लापात कोथिंबीर घालतोस?"

"घालतो."

"तो खात नाही."

"माहीत नव्हतं, ताई."

"बाजूला काढत असेल," सेंगला म्हणाली, आणि इथे तिचा बांध फुटला. ती मांडीवर बुक्क्या मारत रडू लागली. "आठ वर्षं उपाशी ठेवला मी त्याला! आईने! शर्टाला इस्त्री करत बसले, कॉलर कडक करत बसले, आणि पोर तिकडे दरसाल रांगेत उभं राहून बघत असेल, सगळ्यांची ताटं आली, माझ्या आईचं का नाही? आणि वाढलं कुणी, तर तू! तू रे, मेल्या, तू! तुझ्या हातचं खाऊन राहिला माझा पोरगा!" फिकुन धावत येऊन तिला धरायला लागली, तर तिने तिलाही ढकललं. तिला इंतोनचा गळा धरायचा होता आणि त्याचे पाय धरायचे होते, आणि दोन्ही खरं होतं, आणि त्याची तिला किळस येत होती.

रडणं ओसरल्यावर तिने फडक्याने तोंड पुसलं.

"सातव्या दिवशी तारीख आहे," ती म्हणाली. "न्यायाधीशांनी साक्षीदार मागितलाय. आता मला सांगितलंस तेवढंच तिथे सांग. दांडा, किल्ली, ताडपत्री."

इंतोन ओट्याच्या फळ्यांकडे बघत म्हणाला, "मला मारतील ते."

सेंगलाने खोटा धीर दिला नाही. तिचा मुलगा असता तर म्हणाला असता, काका, अर्ज करू, पोलीस संरक्षण देतात. "मारतीलसुद्धा," ती म्हणाली.

"आणि गाडी मीच लावली. मलाही आत टाकतील."

"टाकायलाच पाहिजे," फिकुन म्हणाली.

"ते चालेल," इंतोन तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुरुंगाचं काही नाही. पण मेलो तर..." त्याचा आवाज लहान झाला, एवढ्या मोठ्या माणसाला न शोभणारा. "माझं कोण आहे, ताई? बायको नाही, पोर नाही. फया वानला माझ्या नावाचं ताट कोण आणेल? तिकडे काय, असाच उभा राहू?"

फिकुन फणकाऱ्याने काहीतरी बोलणार होती. सेंगलाने हात वर करून तिला थांबवलं.

"मी आणीन," ती म्हणाली.

इंतोनने मान वर केली.

"मी सदुसष्टची आहे. माझ्यानंतर फिकुन आणेल."

दोघांचं लक्ष फिकुनकडे गेलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळे लाल. आठ वर्षं तिने एकटीने कचेऱ्या झिजवल्या होत्या, आणि आता तिच्या नवऱ्याची गाडी कालव्यावर नीट स्टँडवर लावणारा माणूस तिच्याकडे जेवण मागत होता. "भात आणीन," ती शेवटी म्हणाली. "दरसाल आणीन. माफ नाही करणार."

"नको करूस," इंतोन म्हणाला.

ओटा ओला झाला होता. सेंगलाने पाय जवळ घेतले. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, पण विचारायचं ते आत्ताच विचारून घ्यायला हवं होतं. पुढे वेळ मिळेलच असं नव्हतं.

"तुला काय आवडतं?" तिने विचारलं.

इंतोनला प्रश्न कळला नाही. मग कळला. हे त्याला कुणी कधी विचारलं नसावं, कारण उत्तर शोधायला त्याला फार वेळ लागला.

"कोवळ्या फणसाची भाजी," तो म्हणाला. "टोमॅटो जास्त घातलेली. आई करायची."

"मिरची?"

"थोडी."

सेंगलाने मान डोलावली.

"कोर्टाची बस किती वाजता असते?" इंतोनने विचारलं.

"सव्वासहाला," फिकुन म्हणाली. "फाट्यावर उभं राहावं लागतं."